वाहून नेणाऱ्यांची नावे

पवित्र शास्त्र वाचन : उत्पत्ती ५०:२४-२६, निर्गम १३:१९, मार्क १५:२१, योहान १९:३८-४२



नोव्हेंबर महिना मृतांच्या आठवणीचा. २ नोव्हेंबरला आपण दफनभूमीत जातो, कबरींवर वाढलेले गवत काढतो, मेणबत्त्या लावतो, फुले वाहतो. महिनाभर आपल्या माणसांची नावे चिठ्ठीवर लिहून मिस्सेसाठी देतो. गेलेल्यांची नावे आपण अशी जपतो. पण त्यांना तिथवर खांद्यावर घेऊन येणाऱ्यांची नावे कोणी लिहून ठेवतो का?

दयेची सात शारीरिक कृत्ये आपण लहानपणी पाठ केलेली आहेत. भुकेल्यांना अन्न देणे, तहानलेल्यांना पाणी देणे, उघड्यांना वस्त्र देणे, बेघरांना आसरा देणे, आजाऱ्यांना भेटणे, बंदिवानांना भेटणे आणि सातवे, मृतांना मूठमाती देणे. पहिली सहा कृत्ये मत्तयच्या २५ व्या अध्यायात प्रभू येशूने सांगितलेली आहेत. सातवे तिथे नाही. त्याचे मूळ तोबीतच्या पुस्तकात सापडते. तोबीत हा कैदी म्हणून निनवे शहरात नेलेला माणूस. राजाने मारून टाकलेल्या आपल्या बांधवांची प्रेते तो गुपचूप पुरत असे. त्यापायी त्याची मालमत्ता जप्त झाली, जीव वाचवून पळावे लागले. परत आल्यावर त्याने पुन्हा तेच काम सुरू केले. शेजारी त्याला हसले. म्हणजे हे दयाकृत्य आपल्याला दिले ते परमुलखात नेलेल्या एका माणसाने.

आजच्या पाठात आपण अशाच काही माणसांची हकीकत पाहणार आहोत. ती नाशिकपासून सुरू होते आणि आफ्रिकेच्या आतल्या मुलखात जाते. ही माणसे कॅथलिक नव्हती, पण त्यांच्या वाटेवर एक कॅथलिक चर्चही येते.

समुद्रापलीकडून आलेली मुले

रायगड जिल्ह्यातल्या माणसाला आफ्रिका अगदीच परकी नाही. मुरूडचा जंजिरा आपण सर्वांनी पाहिला नसला तरी ऐकलेला आहे. तिथले सिद्दी मूळचे आफ्रिकेचे. समुद्र ओलांडून कोणी शिपाई म्हणून आला, कोणी खलाशी म्हणून, कोणी व्यापारी म्हणून आणि पुष्कळ जण गुलाम म्हणून. अहमदनगरच्या निजामशाहीचा कारभार चालवणारा मलिक अंबर हाही लहानपणी विकला गेलेला हबशी मुलगाच होता.

एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेतला गुलामांचा व्यापार फार वाढला. आतल्या मुलखातल्या गावांवर धाडी पडत. धरलेल्या बायका, मुले, पुरुषांना साखळदंड घालून शेकडो मैल चालवत किनाऱ्यावर आणत. झांजिबार बेटावर त्यांचा बाजार भरे. तिथून गलबतांत कोंबून अरबस्तान आणि इराणच्या आखाताकडे त्यांना पाठवत. इंग्रजांच्या लढाऊ जहाजांनी अशी काही गलबते पकडली आणि त्यांतल्या लोकांना मोकळे केले. पण मोकळ्या झालेल्या मुलांना घरी कसे पाठवायचे? गाव जळलेले, आईबाप कुठे ते माहीत नाही, वाट ठाऊक नाही. अशी बरीच मुले मुंबईत आणली गेली आणि त्यांतली काही नाशिकला पोहोचली.

नाशिकजवळ चर्च मिशनरी सोसायटी ह्या प्रोटेस्टंट संस्थेने एक ख्रिस्ती वसाहत वसवली होती. तिचे नाव शरणपूर. आज नाशिकला जाणाऱ्याला शरणपूर रोड म्हणजे दुकाने आणि रहदारीचा रस्ता एवढेच ठाऊक असते. त्या काळी तिथे विल्यम साल्टर प्राइस नावाचे मिशनरी आफ्रिकन मुलांचा आश्रम चालवत. मुले लिहायला-वाचायला शिकत, सुतारकाम आणि लोहारकाम शिकत. मराठी मुलखातच ती लहानाची मोठी झाली.

स्नानसंस्काराच्या वेळी त्यांना इंग्रजी नावे मिळाली. याओ जमातीतल्या चेंगविंबे नावाच्या मुलाचा मॅथ्यू वेलिंग्टन झाला. दुसऱ्या एका याओ मुलाला जेकब वेनराइट हे नाव मिळाले. आईने ठेवलेले नाव पुष्कळांचे कायमचे हरवले. सुदान देशातून पळवून नेलेली एक मुलगी भीतीने आपले नावच विसरून गेली होती आणि गुलामांच्या व्यापाऱ्यांनी ठेवलेले नाव घेऊनच ती पुढे जगली. तिला आपण संत जोसेफिन बखिता म्हणून ओळखतो. २००० साली पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी तिला संतपद दिले. गुलामगिरी माणसाची मजुरी लुबाडते, आणि त्याआधी त्याचे नाव लुबाडते.

स्वखुशीने परत

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन मुंबईला आले. ते स्कॉटलंडचे डॉक्टर, मिशनरी आणि प्रवासी. गुलामांचा व्यापार त्यांनी डोळ्यांनी पाहिला होता आणि त्याविरुद्ध ते लिहीत-बोलत होते. आफ्रिकेतल्या पुढच्या प्रवासासाठी त्यांना माणसे हवी होती. शरणपूरचे नऊ तरुण स्वखुशीने तयार झाले. ज्या वाटेने साखळीत बांधून आणले, त्याच वाटेने मोकळ्या पायांनी परत जायचे होते.

त्यांच्याबरोबर चुमा आणि सुसी हे दोघे आफ्रिकन होते. चुमाला १८६१ साली लिव्हिंगस्टन आणि त्यांच्या सोबतच्या मिशनऱ्यांनी गुलामांच्या तांड्यातून सोडवले होते. पुढे तो मुंबईत डॉ. जॉन विल्सन ह्यांच्या शाळेत शिकला. सुसी मुंबईच्या गोदीत काम करत होता. जानेवारी १८६६ मध्ये ही मंडळी मुंबईहून जहाजाने झांजिबारला निघाली.

पहिल्याच वर्षी एका गावी विलक्षण प्रसंग घडला. नाशिकच्या तरुणांपैकी अब्राहम ह्याने जमलेल्या गर्दीत आपल्या मामा-काकांपैकी एकाला ओळखले. इतक्या वर्षांनी रक्ताचा माणूस भेटला. पण बातमी वाईट होती. अब्राहमला नेल्यानंतर त्याची आई आणि दोन बहिणी ह्यांनाही विकून टाकले होते. तू आता इथेच राहा, असा आग्रह नातेवाइकाने केला, गावच्या प्रमुखाने केला. लिव्हिंगस्टननीही राहायला सुचवले आणि निर्वाहासाठी सामान देण्याची तयारी दाखवली. अब्राहम राहिला नाही. ज्या गावी आई-बहिणी उरल्या नाहीत तिथे थांबायला त्याचे मन तयार होईना.

नऊही जण शेवटपर्यंत टिकले, असे मात्र नाही. एक जण तापाने गेला. काही जण वाटेत सोडून गेले. मुंबईहून दिलेले शिपाई तर काही महिन्यांतच परत पाठवावे लागले. लिव्हिंगस्टननी आपल्या दैनंदिनीत नाशिकच्या मुलांवर रागही काढला आहे. उपासमार, दलदल, ताप आणि पुढच्या गावी काय वाढून ठेवले आहे ह्याची भीती, असे ते दिवस होते. आपण त्यांच्या जागी असतो तर किती दिवस चाललो असतो, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे. नऊपैकी दोघे मात्र अखेरपर्यंत बरोबर राहिले, एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी.

१८७२ साली आणखी सहा जण शरणपूरच्या त्याच आश्रमातून आफ्रिकेला गेले. बरीच वर्षे खबर न लागलेल्या लिव्हिंगस्टनना मदत पोहोचवण्यासाठी ही तुकडी होती. जेकब वेनराइट, मॅथ्यू वेलिंग्टन आणि कॅरस फरार हे त्यांतले तिघे. त्याच वर्षी ते लिव्हिंगस्टन ह्यांच्या तांड्याला जाऊन मिळाले.

चितांबोच्या गावी

१८७३ च्या पावसाळ्यात हा तांडा आजच्या झांबिया देशातल्या बांगवेउलू सरोवराच्या दलदलीतून चालला होता. लिव्हिंगस्टन साठ वर्षांचे झाले होते. रक्तस्रावाने शरीर खचले होते. शेवटी त्यांना चालवेना, तेव्हा माणसांनी लाकडाची डोली केली आणि त्यांना खांद्यावर घेतले. आपल्या डोंगरातल्या वाड्यांवरून आजारी माणसाला झोळीत घालून रस्त्यापर्यंत आणताना आपण पाहिले आहे. तसेच हे होते, पण रस्ता शेकडो मैल लांब.

चितांबो नावाच्या प्रमुखाच्या गावी ते पोहोचले. तिथे १ मे १८७३ च्या पहाटे लिव्हिंगस्टन झोपडीत बिछान्याशी गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळले.

आता काय करायचे? त्या मुलखात तांड्यात कोणी मेले तर गावकरी घाबरत, दंड मागत. प्रेत बरोबर घेऊन प्रवास करणे म्हणजे वाटेतल्या प्रत्येक गावाशी भांडण ओढवून घेणे. तिथेच पुरून निघून गेले असते तर त्यांना कोणीही दोष दिला नसता. हुकूम देणारा कोणी उरला नव्हता. सर्वांनी बसून विचार केला आणि ठरवले, शरीर समुद्रापर्यंत न्यायचे.

लिहिता-वाचता येणारा जेकब वेनराइट. त्याने मृताच्या सामानाची यादी केली, म्हणजे पुढे कोणी चोरीचा आळ घेऊ नये. चितांबोनेही ह्या परक्यांना सांभाळून घेतले. प्रेत टिकावे म्हणून कॅरस फरार आणि आणखी एकाने आतले अवयव काढले. हृदय पत्र्याच्या डब्यात ठेवून एका झाडाखाली पुरले. त्या वेळी जेकबने इंग्रजी प्रार्थनापुस्तकातून दफनविधी वाचला. धर्मगुरू नव्हते, चर्च नव्हते. एके काळी गुलाम म्हणून विकला गेलेला, नाशिकला अक्षर शिकलेला तरुण आपल्या खंडाच्या मातीत उभा राहून प्रार्थना म्हणत होता. मीठ लावून आणि चौदा दिवस उन्हात वाळवून त्यांनी शरीर टिकवले, कापडात गुंडाळले, झाडाच्या सालीच्या नळीत घातले आणि वरून शिडाचे कापड शिवले.

निघण्यापूर्वी जेकबने त्या झाडाच्या खोडावर अक्षरे कोरली. लिव्हिंगस्टनचे नाव आणि तारीख. तारीख त्याने ४ मे घातली, कारण दिवसांचा हिशेब चुकला होता. त्याखाली आणखी तीन नावे कोरली, तांड्यातल्या आफ्रिकन सोबत्यांची. स्वतःचे नाव त्याने घातले नाही. ते झाड पुढे तोडावे लागले. अक्षरांचा तुकडा लंडनच्या रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीत जपून ठेवला आहे.

नऊ महिन्यांची वाट

सुमारे साठ माणसे निघाली. त्यांत स्त्रिया होत्या. तांड्याचा स्वयंपाक सांभाळणारी हलिमा होती. चुमाची बायको होती. समुद्र हजार मैलांहून लांब, म्हणजे सोळाशे किलोमीटरच्या वर. महाडहून मुंबई साधारण पावणेदोनशे किलोमीटर. तेवढे अंतर नऊ वेळा चालायचे, अनवाणी, डोक्यावर ओझे आणि खांद्यावर प्रेत.

निघाल्यावर थोड्याच दिवसांत निम्मे लोक आजारी पडले. महिनाभर मुक्काम करावा लागला. दोन स्त्रिया तिथेच गेल्या. पुढे एका गावी भांडण पेटले. तांड्यातल्या लोकांनी बंदुका चालवल्या, गावकरी मेले. हेही ह्या कथेत आहे आणि ते लपवू नये. चांगले काम करणाऱ्यांच्या हातूनही वाटेत पाप घडते. पुढे तांड्यातली एक दहा वर्षांची मुलगी पाण्याचे भांडे घेऊन चालत असताना सर्पदंशाने मेली. विंचू-सापांच्या आपल्या मुलखात हे दुःख कोणाला समजावून सांगायला नको.

ऑक्टोबरच्या सुमारास ते आजच्या टांझानियातल्या ताबोराजवळ आले. तिथे लेफ्टनंट कॅमेरॉन हे इंग्रज अधिकारी भेटले. ते लिव्हिंगस्टन ह्यांच्या मदतीसाठीच आले होते. त्यांनी सुचवले, शरीर इथेच पुरा, पुढची वाट धोक्याची आहे. अधिकारी गोरा, सल्ला व्यवहाराचा. पण माणसांनी नम्रपणे नकार दिला.

पुढे एका गावच्या लोकांनी प्रेत घेऊन जायला साफ बंदी केली. तेव्हा ह्यांनी एक युक्ती केली. काटक्यांची मोळी कापडात प्रेतासारखी गुंडाळली आणि काही माणसे ती घेऊन, पुरायला परत नेतो असे दाखवत मागे गेली. रानात जाऊन त्यांनी मोळी फेकून दिली. खरे शरीर दुसऱ्या गाठोड्यात बांधले, कापडाच्या गठ्ठ्यासारखे. गावकऱ्यांना वाटले, व्यापाऱ्यांचा माल चालला आहे.

पवित्र शास्त्र वाचणाऱ्याला इथे योसेफ आठवेल. भावांनी विकलेला, मिसर देशात गुलाम म्हणून नेलेला योसेफ. मिसर आफ्रिकेतच आहे. मरताना त्याने भावांकडून शपथ घेतली होती की देव तुम्हांला इथून बाहेर नेईल तेव्हा माझ्या अस्थी बरोबर न्या. पुढे इस्राएल लोक घाईघाईने निघाले तेव्हाही मोशेने त्या अस्थी मागे ठेवल्या नाहीत. शेवटी शखेम इथे त्यांना मूठमाती मिळाली (यहोशवा २४:३२). पण तिथे शपथ होती. चितांबोच्या गावी शपथ घेतलेली नव्हती. पगार यायचा बाकी होता आणि आपल्या सांगण्यावर लोकांचा विश्वास बसावा हीही इच्छा असेल. तरी एवढ्यासाठी कोणी नऊ महिने चालत नाही.

बागामोयोचे चर्च

फेब्रुवारी १८७४ मध्ये हा तांडा बागामोयो ह्या किनाऱ्यावरच्या गावी पोहोचला. गुलामांना जहाजावर चढवण्यापूर्वी जिथे आणत, त्यांतले हे एक बंदर. तिथे होली घोस्ट संघाच्या कॅथलिक धर्मगुरूंनी १८६८ पासून मिशन चालवले होते आणि सोडवलेल्या गुलाम मुलांना आसरा दिला होता. लिव्हिंगस्टनचे शरीर ह्या कॅथलिक चर्चमध्ये ठेवण्यात आले. मृत प्रोटेस्टंट, वाहणारे प्रोटेस्टंट, मुसलमान आणि आपापल्या पूर्वजांचा धर्म पाळणारे, आणि दार उघडणारे कॅथलिक धर्मगुरू. ख्रिस्ती ऐक्यासाठी आपण दर जानेवारीत प्रार्थना करतो. हे ऐक्य कोणत्याही परिषदेआधी एका रात्री प्रेताभोवती घडले. त्या चर्चचा मनोरा आजही तिथे उभा आहे.

किनाऱ्यावर माणसांचा पगार चुकता करून त्यांना निरोप देण्यात आला. शरीराबरोबर इंग्लंडला जायला मिळाले ते एकट्या जेकब वेनराइटला, तेही मिशनरी संस्थेने खर्च दिला म्हणून. शरीर लिव्हिंगस्टनचेच आहे ना, हे लंडनच्या डॉक्टरांनी तपासले. पूर्वी सिंहाने दंडाचे हाड मोडले होते, त्या खुणेवरून ओळख पटली. १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन झाले. शवपेटी धरून चालणाऱ्यांत जेकब होता. चुमा आणि सुसी ह्यांना इंग्लंडला यायला मिळाले तोवर दफन होऊन गेले होते. लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या दैनंदिनीचे पुस्तक तयार करताना मात्र त्यांच्या आठवणींची मोठी मदत झाली.

त्या चर्चमधल्या कबरीवरच्या दगडात, हे शरीर जमिनीवरून आणि समुद्रावरून विश्वासू हातांनी आणले, असा उल्लेख कोरला आहे. त्या हातांची नावे दगडावर नाहीत. रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ जणांसाठी पदके तयार केली. त्यांवर नावे होती. पण तोवर माणसे पांगली होती, त्यामुळे पुष्कळांना आपले पदक कधी मिळालेच नाही.

आता मार्कचे शुभवर्तमान उघडा. प्रभूचा क्रूस वाहायला शिपायांनी वाटेवरच्या एका माणसाला वेठीला धरले. तो आफ्रिकेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कुरेने गावचा. त्याने काही बोलल्याचे लिहिलेले नाही. पण त्याचे नाव शिमोन, हे मार्कने लिहिले. त्याच्या मुलांची नावे आलेक्सांद्र आणि रूफस, हेही लिहिले. प्रभूचे शरीर मागून घेणाऱ्या अरिमथाईकर योसेफाचे नाव तर चारही शुभवर्तमानांत आहे. वाहून नेणाऱ्याचे नाव लिहून ठेवणे ही शुभवर्तमानाची रीत आहे.

विल्यम जोन्स आणि निळे निशाण

शरणपूरच्या मुलांचे काम एवढ्यावर संपले नाही. विल्यम जोन्स आणि इश्माएल सेम्लर हे १८६४ मध्येच मोंबासाजवळच्या रबाई इथे धर्मशिक्षक म्हणून गेले होते. १८७३ साली झांजिबारचा गुलामांचा बाजार कराराने बंद झाला. मग १८७५ च्या सुमारास मोंबासाजवळ मुक्त झालेल्यांसाठी फ्रीअरटाउन हे गाव वसले. ते वसवायला प्राइस स्वतः गेले आणि शरणपूरच्या बहुतेक आफ्रिकन मंडळींनी तिथे संसार मांडले. जोन्स आणि सेम्लर ह्यांना १८८५ साली बिशप हॅनिंग्टन ह्यांनी दीक्षा दिली.

त्याच वर्षी हॅनिंग्टन युगांडाकडे निघाले. जोन्स बरोबर होता. शेवटच्या टप्प्यात बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले आणि बाकीचा तांडा जोन्सच्या हवाली केला. २९ ऑक्टोबर १८८५ रोजी बुसोगा इथे युगांडाच्या म्वांगा राजाच्या हुकमाने बिशपना मारण्यात आले. वाचलेले तीन-चार जण जखमी होऊन परत आले, तेव्हा जोन्सला कळले. त्याने आणखी वाट पाहिली आणि मग उरलेल्या तांड्याला सांभाळून परत किनाऱ्याकडे नेले. पुढे निळे निशाण होते. त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता, ईखाबोद. वैभव निघून गेले, असा त्याचा अर्थ (१ शमुवेल ४:२१). १८८६ च्या फेब्रुवारीत तो तांडा रबाईला पोहोचला.

इकडे म्वांगाच्या दरबारात एका कॅथलिक तरुणाने राजाला तोंडावर सांगितले की बिशपना मारलेत हे चुकीचे केलेत. त्यासाठी १५ नोव्हेंबर १८८५ रोजी त्याचा वध झाला. तो संत जोसेफ मुकासा, युगांडाच्या २२ कॅथलिक हुतात्म्यांतला पहिला. पोप सहावे पॉल ह्यांनी १८ ऑक्टोबर १९६४ रोजी ह्या हुतात्म्यांना संतपद दिले, तेव्हा ख्रिस्तासाठी मेलेल्या अँग्लिकन बांधवांचीही आठवण काढली. ३ जूनला आपण ह्यांचा सण पाळतो. त्या सणाच्या कथेला नाशिकचा असा एक धागा आहे.

पुढे रबाईत जोन्सने मालकांकडून पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. मालक परत मागू लागले. अखेर भरपाई देऊन १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे जणांना मुक्त करण्यात आले. ज्याला स्वतः आसरा मिळाला होता त्याने दार उघडे ठेवले.

जेकब १८९२ मध्ये आफ्रिकेतच वारला. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत मोंबासात जगला.

आपल्यासाठी बोध

महाड आणि पोलादपूरच्या लोकांना खांदा देणे काय असते ते शिकवायची गरज नाही. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री सावित्री नदीवरचा जुना पूल वाहून गेला आणि दोन एसटी गाड्या पुरात गेल्या. त्यानंतर दिवसच्या दिवस माणसे पाण्यात प्रेते शोधत होती. २८ जुलै २०१८ रोजी आंबेनळी घाटात दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या कर्मचाऱ्यांची बस दरीत कोसळली. पावसात, धुक्यात दोर लावून ट्रेकर आणि गावकरी खाली उतरले आणि एकेक शरीर वर आणले. २२ जुलै २०२१ रोजी तळिये गावावर डोंगर आला आणि ऐंशीहून अधिक माणसे गेली. त्याच पावसात पोलादपूर तालुक्यातल्या केवनाळे आणि साखर सुतारवाडीवरही दरड आली. तळियेत शोध थांबवावा लागला तेव्हा काही जण त्या मातीतच राहिले. चिखलात हात घालणाऱ्यांत नातेवाईक होते, शेजारी होते आणि मृतांशी काही नाते नसलेलेही होते.

करोनाच्या साथीत, २०२० आणि २०२१ साली, रक्ताची माणसेही दारापासून दूर उभी राहिली. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. भीती खरी होती. पण त्या दिवसांत शरीर उचलणारे कोण होते? पालिकेचे कामगार, रुग्णवाहिकेचे चालक, खड्डा खणणारे. त्यांची नावे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहेत?

आणखी एक गोष्ट. दिवाळीनंतर आपल्या भागातली कितीतरी कुटुंबे वीटभट्टीवर आणि कोळशाच्या भट्टीवर जातात. आधी घेतलेली उचल फिटेपर्यंत तिथून निघता येत नाही. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद झाली आहे. तरी परमुलखात कोणी आजारी पडला, कोणी मेला, तर त्याला गावी आणायचे कोणी? मालकाच्या वहीत त्याचे नाव असते, पण उचलीच्या आकड्याशेजारी. आपल्या वहीत ते वेगळ्या कारणाने असायला हवे.

देव आपल्याला नावाने हाक मारतो, असे यशया सांगतो (यशया ४३:१). मग देवाच्या मुलांनी एकमेकांना नावाने ओळखावे, एवढे तरी होऊ शकते.

घरी व लहान ख्रिस्ती समूहात विचार करण्यासाठी

१. आपल्या घरातल्या शेवटच्या दफनाच्या वेळी खड्डा कोणी खणला? पेटी कोणी उचलली? त्यांची नावे आठवतात का? आठवत नसतील तर कोणाला विचारता येईल?

२. आपल्या वस्तीतून ह्या वर्षी कामासाठी बाहेर कोण गेले आहे? ते कुठे आहेत आणि अडचणीत कोणाला निरोप पाठवतील, हे समूहातल्या एकाला तरी ठाऊक आहे का?

३. अब्राहम नातेवाइकाच्या गावी का राहिला नाही? घर म्हणजे काय, ह्याविषयी मुलांशी बोला.

४. वाटेत भांडण करून माणसे मारणारे आणि प्रेत जिवापाड जपणारे हात एकच होते. ह्यातून आपण स्वतःविषयी काय शिकतो?

ह्या आठवड्याचे कृत्य : मृतांच्या नावांची चिठ्ठी देताना त्याखाली आणखी एक नाव लिहा, त्यांना वाहून नेणाऱ्याचे, मग तो जिवंत असो वा गेलेला, आपल्या धर्माचा असो वा नसो. तो जिवंत असेल तर त्याच्या घरी जाऊन या.

प्रार्थना : हे प्रभो, तुझा क्रूस एका परक्याने उचलला आणि तुझे शरीर मित्रांनी उतरवून घेतले. आमच्या मृतांना ज्यांनी खांदा दिला त्यांना आशीर्वाद दे. ज्यांची नावे हरवली ती तुला ठाऊक आहेत. दुसऱ्याचे ओझे उचलण्याची वेळ आली की आम्हांला मागे सरू देऊ नकोस. आमेन.